चौघडा गप्प झाला तेव्हा

एकदा एक ट्रक होता. दृष्टांतात आधी ज्ञानी म्हातारा यावा आणि मागाहून त्याची मालमत्ता, हे मला मान्य आहे. पण त्या घाटात ट्रकचा आवाज नेहमीच म्हाताऱ्याच्या आधी येत असे, तेव्हा इथेही तोच क्रम राहू द्या.

फौजेने वापरून लिलावात काढलेला, चारही चाकांनी ओढणारा तो जुना ट्रक म्हाताऱ्या मिस्त्रीने तरुणपणी घेतला होता. तेव्हापासून त्याचा एकेक अवयव सांधत, बदलत, त्याने घाटमाथ्यावरच्या उंबरपठाराला जगाशी जोडून ठेवले होते. त्या वाटेला रस्ता म्हणणे हा रस्त्याचा अपमान होता. दर पावसाळ्याने ती वाट दरीत नेऊन टाकावी आणि दर हिवाळ्यात गावाने ती पुन्हा उचलून जागेवर ठेवावी, असा दोघांचा जुना करार होता.

ट्रकचे नाव गावाने ठेवले होते ‘चौघडा’. बॉनेट धडधडे, दारे खडखडत, मडगार्ड थरथरे, आणि मागच्या फाळक्याची डाव्या अंगाची साखळी तर अखंड छन्‌छन् करी. चौघडा पायथ्याशी सुरू झाला की वर उंबरपठारावर बायका भाताचे आधण ठेवीत, पहिल्या वळणावर आला की तांदूळ वैरीत, आणि तो देवळापाशी येऊन थांबे तेव्हा भात वाफेवर आलेला असे. एकदा म्हणे मिस्त्री वाटेत करवंदे खात रेंगाळला, तर सबंध गावाचा भात करपला. ज्यांना हे खोटे वाटेल त्यांनी घाटातल्या वानरांना विचारावे. त्या वासाने ती तीन दऱ्या ओलांडून गेली होती, ती अजून परत यायची आहेत.

या मिस्त्रीचा एक शिष्य होता, तुळशीराम. हात बळकट, कान तिखट, आणि मान किंचित ताठ. मिस्त्रीला तो ‘वस्ताद’ म्हणे. वस्तादांची नजर अलीकडे मंदावली होती. ‘‘वळण येऊन गेलं की मग मला दिसतं,’’ असे ते स्वतःच सांगत. म्हणून एके दिवशी त्यांनी तुळशीरामला समोर बसवले.

‘‘शेठजींच्या मुलाचं वऱ्हाड उद्या उंबरपठारावर न्यायचंय. तू चालवायचंस. नीट पोचवलंस तर किल्ली तुझी.’’

‘‘आणि नाही पोचलं तर?’’

‘‘तर चौघडा भंगारात. मला चालवता येत नाही आणि तुला कळत नाही, अशी गाडी दारात उभी करून काय तिची आरती ओवाळायची?’’

तुळशीरामच्या छातीत एकदम इंजिन सुरू झाले. तो ट्रक आपला व्हावा, हे एवढेच स्वप्न घेऊन तो मोठा झाला होता!

पण शेठजी आले आणि त्या आनंदावर पाणी पडले. शेठजी बाजारपेठेतले बडे व्यापारी. त्यांच्या नव्याकोऱ्या मोटारीने पहिल्याच चढावर पोट टेकले होते, म्हणून नाइलाजाने ते इथवर आले होते. चौघडा सुरू करून दाखवताच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

‘‘मिस्त्री, हा नगारा व्याह्यांच्या दारात न्यायचा? माझ्या मुलाचं लग्न आहे, मोहिमेवर नाही निघालो! मी म्हणतो, नवी गाडी घ्या. मी शब्द टाकतो कुठंतरी. हे लोखंड विका!’’

वस्ताद नुसते हसले. तुळशीराम मात्र कानापर्यंत लाल झाला. शेठजी गेल्यावर त्याने गुपचूप जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, गोणपाटाचे बोळे केले, आणि दिवस मावळेपर्यंत चौघड्याचा एकेक आवाज बुजवून टाकला. बॉनेटखाली रबर, दारांत बोळे, मडगार्डला तार. साखळीला तर त्याने असे गुंडाळले की जखमी माणसाचा हात वाटावा. मग ट्रक सुरू करून पाहिला. इंजिनाच्या घुमण्याखेरीज काही नाही! नववधूसारखा चौघडा मान खाली घालून उभा.

सकाळी वस्ताद आले. तुळशीरामने मोठ्या ऐटीत स्टार्टर मारला. वस्तादांनी मान तिरकी करून ऐकले, पुन्हा ऐकले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

‘‘कुणी केलं हे?’’

‘‘मीच, वस्ताद! बघा की, कसा शहाण्यासारखा...’’

वस्ताद पुढे झाले आणि सटासट बोळे उपसू लागले. पट्ट्या फेकल्या, तार सोडली, साखळी मोकळी केली. वऱ्हाड जमू लागले होते; शेठजी डोळे विस्फारून पाहत होते. एवढ्यावर थांबले असते तर म्हातारपणाचा लहरीपणा म्हणून सोडून दिले असते. पण वस्ताद नंतर ट्रकखाली सरपटले, आणि ब्रेकची एक रबरी नळी काढून बाहेर घेऊन आले. काळीभोर, गुळगुळीत, चीर ना भेग.

‘‘ही टाकायची. नवी लाव.’’

‘‘वस्ताद, ती चांगली आहे! इतकी वर्षं एक थेंब गळला नाही, कधी कुरकुर केली नाही.’’

‘‘म्हणूनच.’’

शेठजी आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, ‘‘पाहा आता! वाजतं ते ठेवायचं आणि चांगलं आहे ते फेकायचं. मी असं दुकान चालवलं असतं तर आज भजी तळत असतो.’’

सगळे हसले. तुळशीरामने मुकाट्याने नवी नळी बसवली, ब्रेकमधली हवा काढली, आणि जुनी नळी खिशात घातली. त्याच्या मनात आले, वस्तादांची नजर गेली तशी बुद्धीही चालली की काय?

मग बसायच्या जागेवरून रामायण झाले. मानाची जागा केबिनमध्ये, खिडकीशी. ती वराच्या आत्याबाईंनी काबीज केली. आत्याबाईंना आधी उशी हवी झाली, मग ऊन लागू लागले, मग पाणी हवे झाले, मग ते पाणी कोमट निघाले. ‘‘माझी कंबर म्हणजे काचेचं भांडं आहे रे बाबा!’’ त्या बजावीत होत्या, आणि सारे वऱ्हाड त्या काचेच्या भांड्याभोवती धावत होते. वराची आई, शेठाणी, कडेवर कुणाचे तरी मूल आणि हातात ओल्या कापडात गुंडाळलेली पाण्याची घागर घेऊन मागे चढली आणि फाळक्याशी, स्टेपनीच्या टायरवर बसली. तिने काही मागितले नाही, म्हणून तिला कुणी काही दिले नाही.

वस्ताद केबिनमध्ये तुळशीराम आणि आत्याबाईंच्या मध्ये बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

आणि चौघडा निघाला! काय त्याचा थाट! धडाड्, खडाड्, छन्‌छन्, छन्‌छन्! दरीने तो आवाज घ्यावा, कड्यावर आपटावा आणि दुपटीने परत करावा. वऱ्हाडाची लाज पहिल्या वळणालाच गळून पडली. पोरे टाळ्या पिटू लागली, बाप्ये आरोळ्या ठोकू लागले, बँडवाल्याला राहवेना म्हणून त्याने साखळीच्या तालावर क्लॅरिनेट धरला. चिखलाचा चढ आला. तुळशीरामने लिव्हर ओढला, पुढच्या चाकांत जीव आला, आणि चौघडा रेड्यासारखा मान खाली घालून वर चढू लागला. तुळशीरामला वाटले, आपणच चढतो आहोत, हातापायांनी, छातीने! वर उंबरपठारावर एव्हाना तांदूळ वैरले असणार.

देवकड्याचे वळण समोर होते. डावीकडे नुसते आभाळ.

त्याच क्षणी तुळशीरामच्या कानात काहीतरी चुकले. काय चुकले ते कळेना. धडाड् होते, खडाड् होते...

‘‘गप्प झालं बाई एकदाचं ते छन्‌छन्!’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘डोकं उठलं होतं माझं.’’

तुळशीरामने ब्रेकवर पाय दाबला. नव्या नळीतून जोर थेट चाकांपर्यंत पोचला आणि चौघडा जागच्या जागी खिळला. तेव्हा त्याला दिसले, वस्तादांचे डोळे उघडे होते आणि त्यांचा हात आधीच हँडब्रेकच्या दांड्यावर होता. त्यांनी तो हात शांतपणे मागे घेतला.

मागे एकच गलका. ‘‘का थांबवलीस? मुहूर्त टळेल!’’ शेठजी ओरडत होते. तुळशीराम उडी मारून ट्रकखाली गेला. मागच्या डाव्या चाकावर भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या कमानीचा मुख्य पाटा मधोमध मोडला होता. ट्रकचे अंग त्या बाजूला खचले होते, आणि त्या खचण्यात साखळी चेपून मुकी झाली होती. आणखी दहा-वीस हात पुढे, त्या वळणावर, सगळे वजन त्याच बाजूला, दरीकडे आले असते.

‘‘उतरा!’’ तो ओरडला. ‘‘सगळे उतरा! आत्याबाई, काचेचं भांडं सांभाळून!’’

‘‘म्हणजे मी चालायचं?’’ आत्याबाई किंचाळल्या. पण दरी पाहताच अशा काही उतरल्या की कंबरेलाही पत्ता लागला नाही.

जॅक लागला. शेठजींनी स्वतः भरजरी उपरणे कमरेला बांधले आणि खैराचा ओंडका ओढून आणला. तो ट्रकचा सांगाडा आणि चाकांचा ॲक्सल यांच्या मध्ये ठोकून बसवायचा, पण बांधायचा कशाने? तुळशीरामने इकडेतिकडे पाहिले आणि फाळक्याची साखळी सोडवली. काल जिची त्याला लाज वाटत होती तिचेच वेढे त्याने ओंडक्याभोवती आवळले. जो तो हाशहुश करीत होता, आणि शेठाणी एकेकाला ओंजळीत पाणी घालीत फिरत होती.

एवढ्यात वरून आरोळ्या ऐकू आल्या. उंबरपठारचे गावकरी दोर घेऊन धावत येत होते! ‘‘चौघडा मधेच गप्प झाला,’’ पुढचा गडी धापा टाकीत म्हणाला, ‘‘आम्ही म्हटलं, करवंदं आता नाहीत, तेव्हा काहीतरी घडलंय. चुली विझवल्या आणि निघालो.’’

मग काय विचारता! म्हातारीकोतारी पाठंगुळीला, पेट्या डोक्यावर, नवरदेव व्याह्यांच्या खांद्यावर. पुढे दोर, दोराला आख्खे गाव, आणि मागे रिकामा ट्रक लहानात लहान गिअरमध्ये, चारही चाकांनी माती चावत. क्लॅरिनेट वाजतो आहे, गाव ‘हैश्शा’ म्हणते आहे, शेठजी सर्वांत पुढे दोर ओढताहेत! देवकड्याचे वळण पार झाले तेव्हा जो जयघोष उठला तो म्हणे पलीकडच्या तालुक्यात ढगांचा गडगडाट समजून लोकांनी वाळवणे आत घेतली.

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या.

पंगती उठल्यावर तुळशीराम ट्रकपाशी वस्तादांजवळ येऊन बसला. शेठजीही आले.

‘‘वस्ताद, पाटा मोडणार हे तुम्हाला ठाऊक होतं?’’

‘‘मी मिस्त्री आहे रे, ज्योतिषी नाही. पाटा तपासायला हवा होता, तो माझ्याकडून राहिला. तोही मुका. ती नळी दे इकडं.’’

त्यांनी खिशातला चाकू काढून ती गुळगुळीत नळी उभी चिरली. आतून रबर सुजले होते. मध्ये सुई जाईल एवढीच वाट उरली होती.

‘‘बाळा,’’ वस्ताद म्हणाले, ‘‘जे वाजतं ते आपलं दुखणं रोज सांगत असतं. त्याची भीती बाळगू नये आणि त्याचं तोंडही बांधू नये. कारण शेजारी कुणी खचलं की पहिल्यांदा या वाजणाऱ्याचाच सूर बदलतो. काळजी घ्यावी ती न वाजणाऱ्याची. ते भार वाहतं, आतून झिजतं आणि न सांगता तुटतं. आपण त्याला चांगलं म्हणतो, कारण त्याला कधी विचारलेलंच नसतं. शेठ, जुनं बदलावं लागतंच, मी जन्मभर तेच केलं. पण आवाज ऐकून बदलू नका, भार पाहून बदला.’’

शेठजींनी मांडवाकडे पाहिले. तिथे आत्याबाईंसमोर तिघीजणी पंखे हलवीत बसल्या होत्या.

तुळशीराम उठला. वस्तादांना वाटले तो पाटा पाहायला चालला. पण तो ट्रक ओलांडून पलीकडे गेला. तिथे मांडवाच्या कडेला शेठाणी एकटीच, मांडीवर निजलेले परके मूल आणि शेजारी रिकामी घागर घेऊन बसली होती. त्याने विहिरीवरून लोटा भरून आणला आणि तिच्यापुढे धरला.

‘‘आई, सकाळपासून तुम्ही पाणी प्यायलात का?’’

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि मध्ये श्वासही न घेता तळापर्यंत रिकामा केला. मग हलकेच म्हणाली, ‘‘अजून आहे का रे?’’

तुळशीरामने हात पुढे करण्याआधीच कुणीतरी तिच्या हातातून लोटा घेतला. शेठजी होते. उपरणे कमरेलाच बांधलेले, तसेच ते विहिरीकडे चालू लागले.

तुळशीराम परत आला तेव्हा वस्ताद तिथे नव्हते. ट्रकच्या पायरीवर किल्ली ठेवलेली होती.