टेकडीवरची दोन थडगी

ऐका, लहानांनो आणि थोरांनो. फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हाच्या राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत.

एका दगडाळ टेकडीवर जैतुनाची झाडे होती आणि पायथ्याशी एक झरा. टेकडीवरच्या लोकांच्या कित्येक पिढ्या तिथेच जन्मल्या आणि तिथेच मातीआड झाल्या. पण फार पूर्वी तिथे दुसरेही लोक राहत होते. एका राजाने त्यांना हाकलून दिले. ते देशोदेशी भटकले, जातील तिथे छळ सोसला. पण रोज त्या टेकडीकडे तोंड करून प्रार्थना करायला विसरले नाहीत. शेवटी परमुलखातली घरे जळाली, तेव्हा ते परत आले. झऱ्यापलीकडे त्यांनी तंबू ठोकले.

त्याच सुमारास टेकडीवरच्या एका बाईचा नवरा वारला. मूलबाळ नव्हते. त्याच्यासाठी खड्डा खणताना कुदळीला एक शिळा लागली. तिच्यावर पलीकडच्या लोकांची अक्षरे होती, आणि खाली कुणाची तरी हाडे.

दीर म्हणाला, "वहिनी, फोडून टाकू ही. त्यांनी पाहिली तर म्हणतील, टेकडी आमचीच."

"कुणाचा तरी माणूसच आहे ना तो, भावोजी? निजू द्या त्याला."

तिने शिळेला हात लावू दिला नाही. शेजारीच नवऱ्याला माती दिली.

बातमी पलीकडे गेली. त्यांचा म्हातारा पुढारी आला आणि शिळेला कवटाळून रडला. बाईच्याही डोळ्यांत पाणी आले. मग डोळे पुसून तो म्हणाला, "बाई, आता पटले ना? जागा आमची. तुमचा माणूस दुसरीकडे न्या."

"शिळा खरी आहे, बाबा. मी कुठे नाही म्हणते? पण ही ओली मातीही खरीच आहे."

म्हातारा टेकडी उतरून निघून गेला.

तेव्हापासून झऱ्यावर तिच्याशी कोणी बोलेना. तिकडचे तिला उपरी म्हणत, इकडचे घरभेदी. दिराने दार बंद केले. दोन शब्द बोलायलाही माणूस नाही, म्हणून ती थडग्यांपाशी जाऊन बसे. कधी नवऱ्याशी बोले, कधी त्या अनोळखी माणसाशी.

अशी बरीच वर्षे गेली. एके सकाळी दिराने माणसे आणून शिळा फोडली आणि खालची हाडे उपसून फेकली. ते कळताच पलीकडच्यांनी तिच्या नवऱ्याचे थडगे उकरले. बाई आडवी आली, तर तिला ढकलून दिले. तलवारी निघाल्या. कुणीतरी आग लावली आणि ती वाऱ्याबरोबर जैतुनांत शिरली. वणवा विझला तेव्हा टेकडी काळीठिक्कर पडली होती आणि झरा राखेने बुजला होता. दोन्हीकडचे वाचलेले लोक पाण्याच्या शोधात दोन वाटांनी निघून गेले.

बाई मात्र गेली नाही. तिने विखुरलेली हाडे ओंजळीने गोळा केली. त्यांत नवरा कोणता आणि परका कोणता, ते तिला ओळखता येईना. तिने सगळ्यांना एकाच खड्ड्यात माती दिली. प्रार्थना म्हणायला मात्र दोन्हीकडचे कोणीच उरले नव्हते.

तात्पर्य : दुसऱ्याचे खरे पुसायला निघालेला हात आपलेही खरे पुसून टाकतो.