सरस्वतीचं न्हाणं

"आईला सांगू कसं महाराज, की इथे नदीच नाही?"

धुंडिराजशास्त्र्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. समोर सरस्वतीचं पात्र, आणि त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती वाळू.

मठीच्या ओट्यावर म्हातारे केसरगिरी गोसावी दोरी वळत बसले होते.

"नदी नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं." शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. "ती वाळूत लुप्त झाली, हे लोकांना सांगत आलो की मी. पण आईचा हट्ट, सातही नद्यांत न्हायचंच. सहा झाल्या. वाटलं, आपण एवढे शास्त्री, काहीतरी तोड काढू. शब्द देऊन बसलो."

"मग निघाली तोड?"

"तुमच्या विहिरीचं पाणी घेतो. हीच सरस्वती म्हणून अंगावर घालतो. आईला आता दिसत नाही..."

गोसाव्यांचा हात थांबला.

"दिसत नाही रे, पण ऐकू येतं मला," दारातून सगुणाबाई म्हणाल्या.

शास्त्रीबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी काठी टेकत पात्रात उतरली, खाली बसली. तापलेल्या वाळूवरून तिनं हात फिरवला.

"अगं बाई... किती कोरडी पडलीय ही."

"माई," गोसावी म्हणाले, "सहा जणींनी तुम्हाला न्हाऊ घातलं ना?"

"घातलं की."

"हिला कुणी घालायचं?"

सगुणाबाईंनी झोळी चाचपली आणि लाखेनं तोंड बंद केलेला गंगेचा गडू बाहेर काढला.

"आई, तो नको. तुझ्या शेवटच्या घोटासाठी ठेवलाय ना तो?"

"माझं मी बघेन. तू लाख फोड."

शास्त्रीबुवांनी फोडली. बाळाच्या टाळूवर घालावं तसं म्हातारीनं बेताबेतानं पाणी वाळूवर ओतलं.

"न्हा गं माझे बाई, न्हा."

गडू रिता झाला. तिच्या तोंडावर हसू मावेना.

"झाल्या बाबा साती. चल आता घरी."

शास्त्रीबुवांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आईशी खोटं बोलायचं टळलं, आणि तिचं मनही राहिलं. त्यांना रडूच कोसळलं.

पण शेवटी शास्त्रीच ते. डोळे पुसून पाहतात तो वाळू पुन्हा कोरडी ठक्क.

"महाराज, पाणी तर जिरून गेलं..."

केसरगिरींनी दोरी पुन्हा वळायला घेतली.

"वाटेला लागलं म्हणा, शास्त्रीबुवा."