बापूसाहेबांच्या नावाची जागा

जुन्या तारघराची डागडुजी करून शालनताईंनी तिथं छोटंसं कलादालन थाटलं. नगराध्यक्ष बापूसाहेब ऐटीत फीत कापून आत शिरले आणि बुचकळ्यातच पडले. प्रत्येक चित्राखाली कुणाकुणाचं नाव होतं, पण त्यांच्या नावाची कोनशिला काही दिसेना.

“आमचं नाव कुठंय?”

“इथं ज्याचं काम, त्याखाली त्याचं नाव,” ताई म्हणाल्या.

“मग आमचंही लावा की!”

ताईंनी त्यांना मागच्या भिंतीशी नेलं. दोन वर्षांपूर्वी हीच इमारत पाडायला बापूसाहेबांनी बुलडोझर धाडला होता. गाव आडवं आलं म्हणून एका धडकेवर निभावलं. ते भगदाड ताईंनी तसंच ठेवून भोवती चौकट ठोकली होती. खाली कोरी पट्टी.

बापूसाहेबांना काही उमजेना. ताईंनी पेनाचं टोपण काढलं.

“पूर्ण नाव लिहू, की नुसतं आडनाव?”