करंजघाटातली पितळी मूठ

फार वर्षांपूर्वी, करंजघाट चढून ट्रक वर आला की माणसं तो बघायला जमायची, तेव्हाची ही गोष्ट. त्या घाटात इस्माईल शिकलगार नावाचा ड्रायव्हर होता. सगळे त्याला चाचा म्हणत. भरल्या गाडीनं घाट चढताना इतरांच्या गाड्या काळा धूर ओकायच्या, धापा टाकायच्या. चाचाची गाडी मात्र एका लयीत वर यायची. इंजिन रडायच्या आधीच तो गिअर खाली घ्यायचा. डिझेलचा थेंब जळताना त्याला ऐकू यायचा, असं म्हणतात.

उतारावर मात्र लोक त्याला हसत. बाकीचे ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायचे, आणि वर बढाया मारायचे. चाचा ज्या गिअरात चढायचा त्याच गिअरात घूंऽऽ करत उतरायचा.

"गिअरात असताना रेसवरचा पाय काढला की इंजिनच गाडीला धरून ठेवतंय," तो सांगायचा. "ब्रेक हा पाहुणा हाय. त्याच्या जिवावर घर चालवू नये, बाबांनो."

पण गाढवापुढे वाचली गीता!

एका मंगळवारी चाचा कौलांची गाडी घेऊन उतरत होता. मागून शिवाप्पा जंगम गुळाच्या ढेपा भरून न्यूट्रलमध्ये सुटला होता. अर्ध्या घाटात त्याचे ब्रेक तापून निकामी झाले. गिअर काही केल्या पडेना. नुसता हॉर्न बोंबलत होता. खाली घाटाच्या तोंडाशीच बाजार भरलेला, आणि पहिल्याच जागेवर चाचाची बायको जैतून बांगड्या घेऊन बसलेली.

चाचानं आरशात पाहिलं. वळणावर बाजूला व्हायला जागा होती. तो बाजूला झाला असता तर त्याची गाडी वाचली असती. त्यानं ती रस्त्याच्या मधोमध घेतली, जरा वेग वाढवला, शिवाप्पाचा ट्रक अलगद पाठीला टेकू दिला आणि मग एकेक गिअर खाली आणला.

इंजिन असं गरजलं की पाच गावच्या विहिरींचं पाणी थरथरलं, असं म्हणतात. दोन्ही ट्रक बैलगाडीच्या चालीनं उतरले आणि जैतूनच्या टोपलीपासून वीतभर अंतरावर थांबले. एकही बांगडी पिचली नाही.

चाचाचं इंजिन मात्र कायमचं गेलं.

"गाडी गेली तुमची," जैतून म्हणाली.

"बाजार राहिला की," चाचा म्हणाला, आणि बॉनेटवर हात ठेवून ढसाढसा रडला.

त्या गाडीच्या गिअरची पितळी मूठ शिवाप्पानं घाटमाथ्यावर चौथऱ्यात बसवली. आजही प्रत्येक ड्रायव्हर तिथं थांबतो, मुठीला हात लावून "चाचा, गिअरात हाय" म्हणतो आणि मगच उतरतो. सायकलवालेसुद्धा म्हणतात, सायकलीला गिअर नसला तरी. आणि खाली मंगळवारच्या बाजारात, घाटातून घूंऽऽ आवाज आला की बांगडीवाल्या बाया मान वर करत नाहीत. "चाचाचं माणूस येतंय," म्हणतात आणि गिऱ्हाइकाच्या हातात पुढची बांगडी चढवतात.