मागून घेतलेला काळोख

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रात्र खरोखरच काळी असायची.

नदीकाठी एक गाव होतं. गावामागे टेकडी, आणि टेकडीवरच्या झोपडीत एक चितारी राहायचा. इतर चितारी देवांची, राजांची चित्रं काढतात. याला वेड होतं आभाळातल्या पुसट उजेडांचं. चांदण्या सगळ्यांनाच दिसतात. पण दोन चांदण्यांच्या मधे कुठेतरी, काचेवर कुणी श्वास सोडावा तसा एक धूसर डाग असतो. त्याच्याकडे सरळ पाहिलं की तो विरतो. नजर जराशी बाजूला ठेवली, की लाजऱ्या मुलासारखा हळूच पुढे येतो.

असा डाग एका रात्रीत कागदावर उतरत नाही. डोळा फसतो, हात थरथरतो. म्हणून चितारी तेल पाजलेले पातळ कागद घ्यायचा. प्रत्येक काळोख्या रात्री त्याच आभाळाचं चित्र नव्या कागदावर काढायचा आणि पालथं घालून ठेवायचा. जुनं चित्र पाहून नवं काढायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नेम होता. पुष्कळ कागद झाले, की ते एकावर एक ठेवून उन्हासमोर धरायचे. एका रात्रीची चूक दुसऱ्या रात्री होत नाही, म्हणून चुका फिक्या पडतात. जे खरोखर आहे ते प्रत्येक कागदात असतं, म्हणून तेवढंच गडद होतं.

पण यासाठी काळोख लागतो. तो गाव द्यायचं. चितारीने टेकडीवरून थाळी वाजवली, की घराघरातले दिवे विझायचे.

"विझवा गं बायांनो," घाटावरची आजी हाक द्यायची. "चितारीदादाला काळोख वाढायचाय!"

"पोटभर वाढा," कुणीतरी अंधारातून म्हणायचं. "नाहीतर मागायला परत येईल!"

सगळे हसायचे. शेवटी आजी घाटावरचा दिवा विझवायची. तो दिवा नावाड्यासाठी असे, पण थाळी वाजली की तोही विझे.

एका वर्षी थंडी फार पडली. चितारीने पहिल्या रात्री एका कागदावर चित्र काढलं. दुसऱ्या रात्री त्याची बोटं आखडली, आणि तो लवकर आत गेला. तिसऱ्या रात्री त्याने थाळी वाजवली, गाव काळं झालेलं पाहिलं, आणि घोंगडी ओढून झोपून गेला.

सकाळी त्याला एक सोपी वाट सुचली. पहिल्या कागदावर नवा कागद ठेवला, तर खालचं चित्र वर दिसतं. ते गिरवायला कितीसा वेळ? उन्हात बसून त्याने कागदामागून कागद गिरवले.

थाळी मात्र तो वाजवत राहिला. थांबवली असती, तर लोकांनी विचारलं असतं.

अशाच एका रात्री नावाड्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. सुईण पलीकडच्या काठावर राहायची. नावाडी तिला आणायला गेला. तो परतला तेव्हा घाट काळोखात होता. नाव खडकावर आपटून फुटली. सुईण पोहून काठाला लागली, मूल सुखरूप जन्मलं. पण नाव आणि खडक यांच्यात नावाड्याचा उजवा हात चिरडला. त्या हाताने पुन्हा वल्हं धरता येणार नव्हतं.

चितारी त्याला भेटायला गेला. त्याच्या उशाशी जाऊन बसला.

नावाडीच म्हणाला, "दादा, असे खाली मान घालून काय बसलात? काळोख आम्हीच दिला होता. चित्र तेवढं नीट उतरलं ना?"

"उतरलं," चितारी म्हणाला.

थंडी सरल्यावर चावडीसमोर सगळे जमले. चितारीने कागदांची चळत उन्हासमोर धरली. धूसर उजेड दिसला. आणि त्याच्या शेजारी आणखी एक छोटा ठिपका दिसला, गडद, ठसठशीत.

चितारीने चळतीतला पहिला कागद निरखून पाहिला. पहिल्या कागदावर दवाचा थेंब पडून तिथे शाई फुटली होती. न पाहता, न समजता त्याने ती प्रत्येक कागदावर गिरवली होती. एरवी जी चूक फिकी पडली असती, ती सगळ्यांत गडद झाली होती.

"हा तर आजवर कुणी पाहिला नव्हता!" लोक म्हणाले.

नावाडी पुढे आला. आपला निकामी हात दुसऱ्या हाताने सावरत तो कितीतरी वेळ ठिपक्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चला, माझ्या हाताचं चीज झालं."

गावाने त्याचं नाव ठेवलं, नावाड्याचा ठिपका. लोक आपापल्या लेकरांना आभाळाकडे बोट करून तो दाखवू लागले. कुणाकुणाला तो दिसत नसे. ज्याला दिसत नसे तो आपल्याच डोळ्यांना दोष देई.

नावाडी रोज संध्याकाळी विचारायचा, "दादा, काल दिसला का आपला ठिपका?"

"दिसला," चितारी म्हणायचा. आता तो खरोखरच रात्रभर जागत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहत होता. त्या जागी काहीच नव्हतं. भाकरी गोड लागेना. नावाडी येताना दिसला, की तो टेकडीच्या मागच्या वाटेने उतरायचा.

एका संध्याकाळी नावाडी आपल्या तान्ह्या लेकीला घेऊन आला. "हिलाही दाखवा, दादा. हिच्या जन्माच्या रात्रीचा आहे तो."

चितारीने लेकराकडे पाहिलं, आणि त्याचा बांध फुटला. तो तसाच चावडीवर गेला. गाव गोळा झालं. मान वर न करता त्याने सगळं सांगितलं. दव, शाई, गिरवलेले कागद. आणि घोंगडी.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आजी तेवढी म्हणाली, "काळोख तू मागितलास, आम्ही दिला. आणि तू त्यात झोपलास रे?"

नावाडी लेकीला घेऊन घरी गेला.

त्यानंतर थाळी वाजली नाही. चितारी टेकडी सोडून घाटावर राहायला आला. आजी थकली होती. दिव्यात तेल घालायचं, वात सारायची, वाऱ्यात आडोसा धरायचा, हे काम त्याने मरेपर्यंत केलं. दिव्याशेजारी बसणाऱ्याला आभाळातलं पुसट काही दिसत नाही. त्यालाही पुन्हा कधी दिसलं नाही.

फक्त एकदा, म्हातारपणी, अवसेच्या रात्री नावाडी घाटावर आला. नदीत एकही नाव नाही हे त्याने नीट पाहून घेतलं. मग वाकून त्याने दिव्यावर फुंकर घातली.

"आज बघून घे," तो म्हणाला. "मी जागा आहे."

चितारीने वर पाहिलं. पण डोळे इतके भरले होते, की सगळं आभाळच पुसट झालं.

लेकरांनो, आणि थोरांनो, एवढं मनात ठेवा: आपल्यासाठी ज्यांनी दिवे विझवले, त्यांच्या काळोखात झोपू नये.