अफियामायचा काळा तारा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे मावळतीच्या समुद्राकाठच्या घाना देशाला अजून कुणी घाना म्हणत नव्हतं तेव्हा, तिथल्या दाट रानाच्या पोटात अबोत्रेम नावाचं गाव होतं. गाव एवढंसंच, पण त्याच्या चुलींचा धूर निळसर-तांबूस असे आणि वाटसरूंना तो दोन टेकड्यांपलीकडून दिसे, असं म्हणतात. तो धूर अफिया रंगारणीच्या हंड्यांचा. शुक्रवारी जन्मली म्हणून अफिया. त्या मुलखात मुलाचं पहिलं नाव वारच ठेवून देतो, आईबापांना डोकं खाजवावं लागत नाही. सगळं गाव तिला अफियामाय म्हणायचं.

अफियामाय दुखवट्याची कापडं रंगवायची. तिकडे आनंदाला पांढरं नेसतात आणि कुणी गेलं की तांबडं आणि काळं. झाडाची साल कुटायची, लोहाराच्या भट्टीतली कीट त्यात टाकायची आणि तीन दिवस रटारटा उकळायची, की झाला काळा रंग. हे कुणालाही जमेल. पण अफियामायचं काळं म्हणजे काळं! त्याच्यावर मुंगी बसली तर मुंगीलासुद्धा आपण कुठं आहोत ते कळत नसे.

तिची एक रीत होती. कापड बुडवण्याआधी ती विचारायची, "कोण गेलं?" मग हंड्यावर वाकून ते नाव ती रंगाला सांगायची. नाव ऐकल्याशिवाय रंग चढत नसे, असं म्हणतात. एकदा एका टवाळानं आपल्या जित्याजागत्या मेहुण्याचं नाव सांगितलं, तर कापड बुडवलं त्याहून पांढरं होऊन बाहेर आलं. मेहुणा पुढं शंभरी गाठून गेला आणि टवाळाला रोज टोमणे ऐकवत राहिला.

साऱ्या पंचक्रोशीचा दुखवटा रंगवणारी ही बाई स्वतः मात्र कोरं, बिनरंगाचं कापड नेसायची. तिला एकच मुलगा होता, क्वाबेना. तो मंगळवारचा. साहेबाची कुठलीशी लढाई लागली आणि क्वाबेनाला शिपाई करून समुद्रापार नेलं, थेट उगवतीकडच्या रानात. लढाई संपली. शेजारगावचे दोघे परतले. क्वाबेना परतला नाही. कागद नाही, निरोप नाही.

लोक म्हणाले, "अफियामाय, आता त्याचा दुखवटा कर. पोराचा जीव वाटेत अडकला असेल."

ती म्हणायची, "त्याचं नाव मी हंड्यात टाकलं, की तो मेलाच. नाही टाकलं तर कोण म्हणेल मेला?"

बारा वर्षं तिनं ते नाव टाकलं नाही. दर मंगळवारी ती कोनफळ कुटून त्याच्या वाटणीचं रांधायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घालायची. गाव मुकाट्यानं खायचं. तिच्या दुःखाला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

मग एके दिवशी शहरातून निरोप सुटला. देश आपला होणार, साहेबाचा झेंडा उतरणार आणि आपला चढणार. वर तांबडा पट्टा, मध्ये सोनेरी, खाली हिरवा आणि मधोमध काळा तारा. गावोगावी असा झेंडा करावा. शहरात गेलेला अबोत्रेमचा दवंडीवाला हे सगळं ऐकून दोन दिवसांची वाट चालत परत निघाला. पण वाट लांब आणि त्याचं डोकं लहान. गावात पोचेतो त्याच्या डोक्यात ओळखीचे दोनच रंग उरले होते. त्यानं दवंडी पिटली, "ऐका हो! साऱ्या देशानं तांबडं-काळं काढायचं आहे!"

आता शहाण्या गावानं यातून काय समजावं? गाव समजलं की देशच वारला. म्हाताऱ्यांनी पेट्यांतली दुखवट्याची कापडं उन्हात टाकली, आणि रडण्यात मुरलेल्या दोघीतिघींनी गळा मोकळा करून पाहिला. "एवढा मोठा देश, आणि आजारी असल्याचं कुणी कळवलंसुद्धा नाही!" असं एकीनं म्हटल्याचं सांगतात.

गावचे मुखिया नाना बोआतेंग तेवढे सावध होते. ते स्वतः शहरात जाऊन आले. पिंपळाएवढ्या एका झाडाखाली गाव बसवून त्यांनी सांगितलं, "कुणी वारलेलं नाही. तांबडं म्हणजे या दिवसासाठी जे मेले त्यांचं रक्त. सोनेरी म्हणजे आपल्या मातीतलं सोनं. हिरवं हे आपलं रान. आणि काळा तारा म्हणजे साऱ्या आफ्रिकेची सुटका."

म्हाताऱ्या म्हणाल्या, "रक्त सांडलं म्हणता ना? मग दुखवटा नको? आम्ही तांबडं-काळंच नेसणार."

झेंडा अर्थात अफियामायकडे आला. तांबडा पट्टा पहिल्या बुडीत रंगला. सोनेरी असा निघाला की सुगरण पक्षी त्याच्याभोवती घिरट्या घालू लागले. हिरवा वाळत टाकला तर त्यावर दव पडलं, असं म्हणतात. पण ताऱ्याचं कापड हंड्यातून बाहेर आलं ते गढूळ पाण्याच्या रंगाचं. तिनं दुसऱ्यांदा बुडवलं आणि जुन्या राजांची नावं सांगितली. तसंच. तिसऱ्यांदा गावातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं सांगितली, सकाळपासून दुपारपर्यंत. तरी तसंच.

दुसऱ्या दिवशी झेंडा चढायचा होता. नाना येऊन हंड्याजवळ बसले.

"अफियामाय," ते म्हणाले, "आपण नुसते तीन पट्टे चढवू. ताऱ्यावाचून अडत नाही."

"नाना, हंडा कुणाचं नाव मागतोय ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, तारा नको."

एवढं ऐकलं आणि बारा वर्षं कोरडे राहिलेले तिचे डोळे वाहू लागले. नानांचा तिला रागही आला आणि त्यांच्यावर मायाही दाटून आली. सगळा देश ताऱ्याची वाट पाहत असताना हा माणूस तिच्या एका पोरासाठी तारा सोडायला तयार झाला होता. ती उठली. हंड्यावर वाकली.

"क्वाबेना," ती म्हणाली, "बाळा, मीच तुला वाटेत धरून ठेवलं होतं. मला सोडवेना रे. आता ये."

भर दुपारी रानातली पाखरं गप्प झाली. उकळता हंडा एकदम निवांत झाला आणि त्यातून ओल्या मातीचा वास आला. तो वास त्या मुलखातल्या मातीचा नव्हता, असं म्हणतात. कापड बाहेर आलं ते इतकं काळं, की नानांना त्याच्याकडे बघताना विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. दोरी निम्मी ओढल्यावर दवंडीवाल्याच्या हातून सुटली आणि उरलेली वाट झेंडा आपला आपण चढून गेला. वर जाऊन तो उलगडला. आणि अफियामायनं खाली पाहिलं तर सगळं गाव तांबड्या-काळ्यात उभं होतं. म्हाताऱ्यांनी एक दुखवट्याचं कापड जास्तीचं आणलं होतं, ते त्यांनी तिच्या खांद्यावर टाकलं. मग त्यांनी गळा काढला, ढोल वाजले, आणि क्वाबेनाला त्या मुलखात कुणाला झाला नसेल एवढा दुखवटा मिळाला. अफियामाय रडली आणि रीतीप्रमाणे नाचलीही. संध्याकाळी सगळ्यांनी घरी जाऊन पांढरी कापडं नेसली आणि देश आपला झाल्याचा आनंद केला.

तिच्या हातचा तो झेंडा उन्हापावसात विरला. तांबडं गुलाबी झालं, हिरवं भुरकं झालं. तारा मात्र शेवटच्या धाग्यापर्यंत काळा राहिला, असं म्हणतात.

आता नवा झेंडा शहरातून शिवून येतो. पण दर वर्षी त्या दिवशी अबोत्रेममध्ये तो चढवण्याआधी घडी घालून एका पाटावर ठेवतात. याला अफियामायचा पाट म्हणतात. ज्यांचं माणूस दूर गेलं आणि परतलं नाही, असे लोक लांबलांबच्या गावांहून येतात, झेंड्यावर वाकतात आणि नाव सांगतात. एखाद्या वर्षी एखादी आई वाकते आणि तिला नाव उच्चारवत नाही. ती तशीच उभी राहते. ऊन चढतं. शहरातून आलेले अंमलदार टोपी काढून घाम पुसतात, वाजंत्री वाद्यं खाली ठेवतात, आणि देशाचा झेंडा तिच्यासाठी थांबतो. कधीकधी ती नाव न सांगताच मागे वळते. तिला कुणी काही विचारत नाही. पुढच्या वर्षी ये, एवढंच म्हणतात.