भाताचं उष्टावण

एकदा काय झालं... आधी पाय पांघरुणात घ्या बघू दोघं, मग सांगते. तर एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका गावात भिवरी नावाची बाई राहायची. घरी तिची सासू आणि सहा महिन्यांची लेक. नवरा? तो गेला होता गलबतावर. तो काही या गोष्टीत येत नाही.

एका उधाणाला बांध फुटला आणि खाडी शेतात शिरली. लोकांनी बांध पुन्हा घातला, पाणी ओसरलं, पण खार मातीतच राहिला. शेळ्या ढेकळं चाटायच्या, बरं का!

भिवरीच्या कणगीत बियाण्याचं तीन पायल्या भात होतं. पाऊस पडला तशी तिनं एक पायली पेरली. रोपं उगवली, पिवळी पडली, मेली. मग दुसरी पेरली. ती तर उगवलीच नाही. उरली एक. सासू म्हणाली, "ही कांडून खाऊ, नि जाऊ माझ्या भावाच्या गावी. इथं आता काय राहिलंय?" भिवरीला काही घर सोडायचं नव्हतं. पण करते काय बिचारी? बी उखळात ओतलं, मुसळ उचललं.

तोच उखळातून आवाज आला, "थांब गो बाय!" अगदी बारीक आवाज.

"कोण ते?"

"आम्ही, भात. परवा लेकीचं उष्टावण केलंस ना? पहिला घास केवढा दिलास?"

"घास कसला, एक शीत चाटवलं बोटावर."

"आणि आमच्या भावंडांना मात्र सरळ खारात लोटलंस! आम्हालाही आधी थोडं चाटव की."

भिवरीला फार वाईट वाटलं. मग तिनं चार तांबे विहिरीचं पाणी घेतलं, त्यात एक तांब्या खाडीचं घातलं आणि सकाळी बी भिजत टाकलं. संध्याकाळी काढायला गेली, तर सासू म्हणाली, "अगो, राहू दे, मोड येऊ दे." पण बी आतून ओरडलं, "नको! मोड आले की आम्हाला पुन्हा सुकता येत नाही. आत्ताच काढ, सावलीत पसर!" भिवरीनं तसंच केलं. सासूनं कपाळावर हात मारला. "भिजवलं काय, सुकवलं काय! काय म्हणावं हिला!"

मग ते बी पेरलं. एक दिवस गेला, काही नाही. तिसरा गेला, काही नाही. पाचव्या दिवशी हिरवं दिसलं. भिवरी रोज पाहायची, पिवळं पडतंय का. पंधरा दिवस झाले तरी हिरवंच! मग ती बांधावर बसली आणि भोकाड पसरून रडली. सासू धावत आली, "मेलं का गो तेही?"

"नाही मेलं, आये! जगलं!"

सासूही तिच्या शेजारी मटकन बसली. मग घरी जाऊन तिनं बांधलेलं गाठोडं सोडलं आणि एकेक भांडं फळीवर लावलं.

पुढच्या वर्षी सगळ्या गावानं बी तसंच भिजवलं, तसंच सुकवलं. भात पोटऱ्यात आलं, लोंब्या भरल्या, आणि एकालाही घर सोडावं लागलं नाही. सगळे पोटभर जेवून आपापल्या घरात निजले. तुम्हीही निजा आता आपल्या घरात.